हँडब्रेकची केबल बदलताना : भांडुपच्या एका गॅरेजचा अनुभव

माझ्याकडे दहा वर्षे जुनी, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेली छोटी हॅचबॅक आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हँडब्रेकच्या दोन्ही केबल मी भांडुप पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये बदलून घेतल्या. या कामाची खरी परीक्षा मुंबईच्या पावसाळ्यात होते, आणि आता पावसाळा संपून दिवाळीही होऊन गेली आहे, म्हणून हा अभिप्राय आत्ता लिहीत आहे. गॅरेजला पाटी नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणालाही ‘ब्रेकवाले मिस्त्री’ विचारले की तो हात करून दाखवतो.

गॅरेजपर्यंत मी कसा पोहोचलो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. आमच्या सोसायटीचे पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे जाणारा रॅम्प चांगलाच चढा आहे. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी रॅम्पच्या मध्यावर कोणीतरी सायकल आडवी टाकून गेले होते, म्हणून मी इंजिन बंद केले, हँडब्रेक पूर्ण वर ओढला आणि सायकल बाजूला करायला उतरलो. दोन पावले टाकतो न टाकतो तोच गाडी हळूच मागे सरकली. मागून शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. मी धावत जाऊन दारातूनच ब्रेकचे पेडल हाताने दाबले आणि गाडी थांबली, पण तोवर ती वीतभर सरकली होती, आणि काकूंच्या व बंपरच्या मध्ये फार अंतर उरले नव्हते. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायला हवे होते, ही चूक माझीच. पण तेरा खाचांपर्यंत ओढलेला हँडब्रेक रिकामी गाडीही धरू शकत नसेल, तर त्याला ब्रेक म्हणता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला नसेल तर सार्वजनिक ठिकाणी उभी केलेली गाडी इंजिन बंद करून आणि ब्रेक लावून, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी अन्य काळजी घेऊनच सोडावी लागते. म्हणजे हा ब्रेक केवळ सोयीचा भाग नाही, ती कायद्याने आपल्यावर टाकलेली जबाबदारीही आहे.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे काचेच्या पलीकडे सोफा होता, चहा होता, आणि अर्ध्या तासात ‘हँडब्रेक टाइट केला आहे’ असे सांगून साडेतीनशे रुपयांचे बिल हातात पडले. तीन आठवड्यांत हँडब्रेक पुन्हा सैल झाला. पुन्हा गेलो, पुन्हा केबल ताणणारा नट आवळला गेला, पुन्हा साडेतीनशे रुपये. या वेळी मात्र नवीनच दुखणे सुरू झाले. ऐरोलीला जाऊन आल्यावर डाव्या मागच्या चाकापाशी जळका वास यायचा, चाकाजवळ हात नेला तरी धग लागायची, आणि पंधराच्या आसपास असलेले मायलेज बारावर आले. तक्रार केली तेव्हा ‘लायनर (ब्रेकचा घासणारा थर) बदलावे लागतील’ असे उत्तर मिळाले. केबल नीट सरकते की नाही, हे दोन्ही वेळा कोणी तपासलेच नव्हते.

भांडुपच्या मिस्त्रींचे वेगळेपण इथेच दिसते. त्यांनी आधी नटाला हात लावला नाही. गाडीत बसून हँडब्रेक एकेक खाच ओढून पाहिला, आवाज मोजले, मग सोडला, आणि लिव्हर पूर्ण खाली गेल्यावरही ती हाताला कशी लागते हे दोनदा पाहिले. ‘साहेब, ब्रेक कमी लागतो ही अर्धीच तक्रार आहे. सुटत नाही, ते आधी बघू,’ असे ते म्हणाले. गेल्या दोन महिन्यांत कोणीही न विचारलेला प्रश्न त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला होता.

ज्यांनी हा भाग कधी उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो, कारण ती कळल्याशिवाय नट आवळणे का चुकीचे होते हे लक्षात येणार नाही. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. हँडब्रेकचा त्या तेलाशी संबंध नसतो, तो निव्वळ तारेच्या ओढीवर चालतो, आणि म्हणूनच तेलाची नळी फुटली तरी तो उरतो. आपण लिव्हर ओढतो तेव्हा तिच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवरून एक खिट्टी एकेक दात चढत जाते. आपल्याला ऐकू येणारी कटकट तिचीच. ही ओढ इक्वलायझर नावाच्या छोट्या आडव्या पट्टीपर्यंत पोहोचते, आणि ती पट्टी डाव्या-उजव्या केबलला सारखा ताण वाटून देते. प्रत्येक केबलच्या आत पोलादी तारांचा पीळ असतो आणि बाहेर आवरण असते. आवरण जागच्या जागी राहते आणि आतला पीळ सरकतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत त्या पिळाचे टोक ब्रेक शूला, म्हणजे लायनर लावलेल्या कमानीसारख्या पट्टीला, जोडलेल्या एका लिव्हरला अडकवलेले असते. ती लिव्हर ओढली गेली की दोन शूंमधली आडवी पट्टी रेटली जाते आणि दोन्ही शू फाकून ड्रमला आतून भिडतात. हँडब्रेक सोडला की स्प्रिंग सगळे मागे खेचतात. मात्र हे सगळे तेव्हाच घडते, जेव्हा पीळ आवरणात मोकळा सरकतो.

आवरणाच्या टोकाचे रबर फाटले किंवा आवरणाला चीर गेली की पाणी आत शिरते. मुंबईत हे पाणी नुसते पावसाचे नसते. खाडीलगतच्या आणि समुद्राकडच्या भागांत हवेतच खार असतो, सखल रस्त्यांवर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की चिखल थेट मागच्या चाकांपर्यंत जातो, आणि ओली झालेली गाडी पुढचे दोन-दोन दिवस पार्किंगमध्ये तशीच उभी राहते. आतल्या पिळाला गंज चढतो, तो फुगतो, आणि तार ओढताना अडकते. हँडब्रेक लागत नाही म्हणून आपण लिव्हरजवळचा नट आवळतो. त्याने तार ताणली जाते, पण गंज जागचा हलत नाही. उलट ड्रममधली लिव्हर मग पूर्ण मागे येऊ शकत नाही, शू ड्रमला किंचित घासत राहतात, लायनर तापून गुळगुळीत होतात, आणि झीज भरून काढणारी आपोआप समायोजनाची खटकीही नीट काम करत नाही. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते, आणि त्यासाठी मी दोनदा पैसे मोजले होते.

मिस्त्रींनी पुढच्या दोन सीटांमधला प्लॅस्टिकचा भाग उचलून मला आत बघायला सांगितले. हँडब्रेक ओढल्यावर इक्वलायझरची पट्टी सरळ राहायला हवी होती, ती एका बाजूला स्पष्ट तिरकी झाली. उजवी केबल सरकत होती, डावी जागची हलत नव्हती, आणि सगळी ओढ उजवीकडेच चालली होती. हँडब्रेक सोडल्यावर उजवी केबल टपकन मागे गेली. डावी मात्र बोटाने रेटल्यावर, किरकिर करत, निम्मीच परत गेली. गाडीचा प्रश्न मालकाला डोळ्यांनी दाखवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. यानंतर त्यांनी काहीही सांगितले असते तरी मी विश्वास ठेवला असता, पण त्यांनी विश्वास ठेवण्याची वेळच आणली नाही.

केबल कोणती घ्यायची, हा निर्णय त्यांनी माझ्यावर सोपवला. बाजारात मिळणारी स्वस्त केबल त्यांच्याकडे होती, पण ती लावायचा आग्रह त्यांनी धरला नाही. डावी आणि उजवी केबल लांबीने वेगळी असते, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत टोकाची बनावट बदललेली असू शकते, म्हणून नुसते गाडीचे नाव सांगून केबल मागू नका, चॅसी नंबर दाखवून मागा, असे त्यांनी बजावले. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसचा बाजार मुंबईकरांना परिचित आहे. मी मात्र गाडीच्या कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून दोन्ही केबल मिळून सोळाशे रुपयांना घेतल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात आणि दार किंवा आरसा घ्यायला तिथे जाण्यात काही गैर नाही, पण वापरलेली ब्रेकची केबल तिथून कोणीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या आवरणाच्या आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो. उजवी केबल चांगली असतानाही मी दोन्ही बदलल्या, कारण एक नवी आणि एक दहा वर्षांची असेल तर दोन्हीकडची ओढ सारखी राहण्याची खात्री देता येत नाही.

प्रत्यक्ष काम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सुरू झाले आणि सव्वाबाराला संपले. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावले गेले. गाडी मागून जॅकवर उचलल्यावर ती लगेच लोखंडी स्टँडवर टेकवली गेली आणि जॅक नुसता आधाराला उरला. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण गल्लीतल्या गॅरेजमध्ये नुसत्या जॅकवर गाडी तोलून तिच्याखाली झोपणारी पोरे मी पाहिली आहेत, आणि ते पाहताना पोटात गोळा येतो. यानंतर हँडब्रेक पूर्ण खाली करून इक्वलायझरचा नट सैल केला गेला. ड्रम गंजाने धरून बसला होता. त्यावर हातोडा न चालवता, ड्रमवर असलेल्या आट्यांच्या दोन भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले, आणि ड्रम न तुटता, न वाकडा होता सरळ बाहेर आला.

ड्रममागच्या पत्र्यातून केबल काढताना मिस्त्रींनी केलेली एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली. केबलचे टोक पत्र्यात स्प्रिंगसारख्या पाकळ्यांनी अडकवलेले असते, आणि गंजलेल्या पाकळ्या पकडीने दाबता दाबता अनेकदा तुटतात. त्यांनी १२ नंबरचा रिंग पाना त्या टोकावरून सरकवला. पान्याच्या गोल तोंडाने सगळ्या पाकळ्या एकदम आत दाबल्या गेल्या आणि केबल एका झटक्यात मागे निघून आली. बाहेर काढलेली डावी केबल त्यांनी माझ्या हातात दिली आणि आतला पीळ ओढून बघायला सांगितले. ओल्या वाळूतून दोरी ओढावी तसे हाताला लागले. मागच्या ॲक्सलजवळ जिथे तिला धरणारी चिमटी तुटली होती, तिथे आवरण सतत घासून बोटाच्या पेराएवढे फाटले होते, आणि केबल उभी धरल्यावर त्या फटीतून तपकिरी पाण्याचे चार-सहा थेंब जमिनीवर पडले. पावसाळा अजून सुरूही झाला नव्हता, म्हणजे ते पाणी मागच्या वर्षीचे असावे किंवा गाडी धुताना गेले असावे.

तुटलेली चिमटी लक्षात आली नसती तर नवी केबलही वर्ष-दीड वर्षात तशीच घासून फाटली असती. मिस्त्रींनी तिच्या जागी नवी चिमटी बसवली, नवी केबल जुनीच्याच वाटेने नेली, आणि ती सायलेन्सरच्या पाइपपासून पुरेशी दूर आहे हे टॉर्च मारून दाखवले. केबलच्या आत ग्रीस भरायचे का, असे मी विचारले. या केबलच्या आवरणाला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि ती सुकीच चालायची असते, ग्रीस भरल्यास त्यात धूळ चिकटून राहते, असे त्यांनी सांगितले. ड्रममधल्या शूच्या टेकण्याच्या जागांवर मात्र उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडेसे, लायनरला लागणार नाही अशा बेताने लावले. लायनर बदलण्याची गरज नाही, असा निर्वाळाही त्यांनीच दिला. तापून चकाकलेला वरचा थर त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढला आणि उरलेली जाडी मोजून दाखवली.

समायोजनाचा क्रम हा या कामाचा गाभा आहे, आणि तोच घाईत मोडला जातो. केबल सैल असतानाच आधी शू आणि ड्रममधले अंतर जुळवायचे, ड्रम बसवून पायाचा ब्रेक अनेकदा दाबायचा, म्हणजे शू आपली जागा घेतात, आणि त्यानंतरच इक्वलायझरचा नट आवळायला घ्यायचा. मिस्त्रींनी हाच क्रम पाळला. नव्या केबलचे आवरण बसायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी हँडब्रेक दहा-बारा वेळा जोर लावून ओढला व सोडला आणि नट पुन्हा जुळवला. शेवटी सहाव्या खाचेवर दोन्ही मागची चाके घट्ट धरली जात होती, आणि हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाके एका बोटाच्या ढकलण्याने, कुठेही न घासता फिरत होती. पहिल्याच खाचेला डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि सोडल्यावर विझतो, हेही तपासले गेले. त्यानंतर आम्ही दोघे गाडी घेऊन जवळच्या चढावर गेलो. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून त्यांनी हँडब्रेक ओढला, पेडलवरून पाय काढला, आणि गाडी तसूभरही हलली नाही. परत उतारावर तोंड करून तीच परीक्षा घेतली, कारण दोन्ही दिशांना ब्रेक सारखाच धरायला हवा.

मजुरी नऊशे रुपये झाली, चिमटी आणि किरकोळ सामानाचे एकशे वीस वेगळे. एवढ्या कामाला ही मजुरी मला रास्त वाटली. जुन्या केबल न मागता परत मिळाल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायला जागा नाही, एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे आणि ती बहुधा कोणीतरी घेतलेली असते. बिल साध्या वहीच्या पानावर, हाताने लिहिलेले मिळते, त्यामुळे ज्यांना कार्यालयात बिल सादर करायचे असते त्यांची अडचण होईल. कामाची लेखी हमी मिळत नाही. वेळ आधी ठरवली नाही तर सकाळी रिक्षांची रांग असते आणि दुपारपर्यंत गाडीला हात लागत नाही. आणि एका गोष्टीबद्दल मला खरोखरच तक्रार करावीशी वाटते. ड्रम उघडल्यावर तिथल्या मुलाने आतली काळी धूळ हवेच्या नळीने उडवायला घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ते नसले तरी ती बारीक धूळ छातीत जाणे घातकच आहे. मी थांबवल्यावर मिस्त्रींनी लगेच नळी बाजूला करायला लावली आणि ब्रेक क्लीनर फवारून, ओल्या फडक्याने धूळ पुसून घेतली. पण हे ग्राहकाने सांगावे लागू नये. तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल, आणि दिवसातून किती ड्रम त्याच्या तोंडासमोर उघडले जात असतील याचा विचार मनातून जात नाही. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आवर्जून सांगावी, अशी माझी विनंती आहे.

पावसाळ्यापुरता एक सल्ला मिस्त्रींनी दिला होता, तो मी पाळला. गाडी ओली असताना दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ठोकळा लावायचा, म्हणजे ओले शू ड्रमला गंजाने चिकटत नाहीत. चढावर किंवा उतारावर मात्र हँडब्रेक लावायचाच आणि शिवाय गिअरही टाकायचा, गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. जुलैत सलग पाच दिवस गाडी जागची हलली नाही, तरी सहाव्या दिवशी चाके पहिल्याच प्रयत्नात मोकळी झाली. मायलेज पुन्हा पंधराच्या जवळ आले आहे आणि चाकापाशी वास येत नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. नवी केबल काही महिने वापरल्यावर एकदा तपासून घ्यावी, असे त्यांनीच सांगितले होते. त्यांनी लिव्हर ओढली, खाचा मोजल्या, सात भरल्या. नट अर्धा फेरा आवळून ती पुन्हा सहावर आणली, दोन्ही चाके उचलून फिरवून पाहिली, आणि पैसे घेतले नाहीत. या वेळी शेजारच्या एका गाडीचा ड्रम उघडलेला होता, आणि त्या मुलाच्या हातात हवेच्या नळीऐवजी ओले फडके होते. गॅरेज सकाळी नऊ ते रात्री आठ चालू असते आणि रविवारी दुपारी एकला बंद होते. हँडब्रेकचे काम असेल तर आदल्या दिवशी वेळ ठरवून, चॅसी नंबर लिहून घेऊन जावे.